नागपूरचा उन्हाळा, साठीपुढचं जोडपं आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप

गाडीत ठेवायला हवेचा पंप घ्यायचा असेल आणि गाडी नागपुरात उभी राहणार असेल, तर वायरचा घ्या. चार्जिंगचा नको. दुकानात चार्जिंगवाला जास्त देखणा दिसतो, हातात मावतो, वायर गुंडाळत बसावी लागत नाही. पण एप्रिल-मेमध्ये, त्यातही नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत ६० अंश सहज होतात. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं सर्वसाधारणपणे तिच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. अशा उष्णतेत महिनोन् महिने डिकीत पडून राहिली की तिची ताकद उतरते, कधी ती फुगतेही. शिवाय सहा महिने हात न लावलेला पंप नेमका गरजेच्या वेळी चार्ज संपलेला निघतो. वायरच्या पंपात बॅटरीच नसते. गाडीचं इंजिन चालू आहे तोवर पंप चालू.

निवृत्त जोडप्यांच्या गाडीला हा पंप इतरांपेक्षा जास्त लागतो, आणि त्याला कारण आहे. नोकरी संपली की गाडी महिन्याला दोन-तीनशे किलोमीटरच फिरते. बाजार, दवाखाना, लग्नकार्य. मग मे महिन्यात एकदम पचमढी किंवा चिखलदऱ्याचा बेत ठरतो. टायरची नक्षी खोल दिसते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण अशा गाडीचा टायर झिजत नाही, तो म्हातारा होतो. उभ्या गाडीच्या टायरमधूनसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा आपोआप जाते. तीन-चार महिने कोणी बघितलं नाही की ३३ ची २८ झालेली असते, आणि डोळ्यांना ते कळत नाही. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते. खाली तापलेला रस्ता, गाडीत चार माणसांचं सामान आणि समृद्धीवर १२० चा वेग, एवढं जुळून आलं की टायर बाजूने फुटतो.

म्हणून पंपाचे पैसे मोजण्याआधी टायरचं वय बघा. बाजूच्या रबरावर डीओटी या अक्षरांपुढे आकडे असतात, त्यातले शेवटचे चार महत्त्वाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. सहा वर्षं उलटलेली असतील, किंवा बाजूला केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही चांगली असो, लांबच्या प्रवासाला तो टायर नेऊ नका. स्टेपनीचंही वय बघा. बहुतेक गाड्यांत ती पहिल्या दिवसापासूनची असते.

आता पंप. वायरच्या पंपात दोन जाती आहेत, प्लॅस्टिकच्या यंत्रणेचा आणि धातूच्या सिलिंडरचा. हातात घेतल्यावर वजनावरूनच फरक कळतो. हॅचबॅकच्या टायरची हवा २० वरून ३३ वर न्यायला धातूवाल्याला साधारण दोन-तीन मिनिटं लागतात. प्लॅस्टिकवाला त्याच्या दुप्पट वेळ घेतो आणि तेवढाच जास्त तापतो. एका सिलिंडरचा पंप ८ ते १० अँपिअर ओढतो. डॅशबोर्डवरच्या लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १५ अँपिअरचा असतो, तेव्हा हा भार त्याला चालतो. दोन सिलिंडरचा पंप २० अँपिअरच्या वर जातो. त्याला बॅटरीला लावायचे चिमटे असतात आणि तो चिमट्यांनीच चालवायचा. कुठून तरी जोड मिळवून तो सॉकेटला लावला की फ्यूज उडतो, त्याबरोबर मोबाइलचं चार्जिंगही बंद पडतं. त्याच मापाचे दोन फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवून द्या. फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो, पण रात्रीच्या वेळी जंगलात मिळत नाही.

वायर किमान तीन मीटर हवी, रबरी नळी धरून साडेतीन. ती मागच्या डाव्या चाकापर्यंत पोचली पाहिजे, कारण सॉकेटपासून सर्वांत लांब तेच चाक. नळीचं तोंड दोन प्रकारचं येतं, खटका दाबून बसवायचं आणि आटे फिरवून बसवायचं. साठीपुढच्या बोटांना खटक्याचं सोपं. आट्याचं तोंड पितळेचं असतं, पाच मिनिटांत चटका बसण्याइतकं तापतं, आणि काढताना चार फेरे फिरवेपर्यंत एक-दोन पीएसआय हवा सुटते. आट्यांचाच पंप हाती आला तर दोन पीएसआय जास्त भरा आणि डिकीत जाड कापडाचा तुकडा ठेवा.

ठरवलेल्या आकड्याला आपोआप बंद होण्याची सोय असलेला पंपच घ्या. इथे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. उन्हात वाकून आकडा बघत बसण्याची गरज उरत नाही. आकडा लावायचा, बटण दाबायचं आणि सावलीत जाऊन उभं राहायचं. अशा बऱ्या पंपाला दीड ते साडेतीन हजार रुपये पडतात. त्याहून फार स्वस्त असेल तर आत प्लॅस्टिकचं सिलिंडर आहे असं समजा.

वापरताना क्रम चुकवू नका. आधी हँडब्रेक, मग इंजिन चालू, मग पंपाची पिन सॉकेटमध्ये. इंजिन बंद ठेवून चार टायर भरले तर जुनी बॅटरी बसते, आणि निवृत्तांच्या कमी फिरणाऱ्या गाडीची बॅटरी बहुधा आधीच अर्धमेली असते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, गाडी बाहेर काढा. डब्यावर सलग १० किंवा १५ मिनिटं चालवा असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा सौम्य हवेतला आहे. ४४ अंशांत तो निम्मा धरा. एक टायर झाला की पाच मिनिटं विश्रांती. पंप थेट डांबरावर ठेवू नका, खाली पायपुसणं किंवा पुठ्ठा घाला. जमिनीची आच खालून लागली की मोटर लवकर तापते. टायर पार बसलेला असेल तर आधी जॅकने चाक उचला, मग हवा भरा. गाडीचं वजन रिमवर असताना टायरची कड रिमला नीट धरत नाही, आणि हवा भरता भरताच बाजूने निघून जाते.

पंपांचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे त्यांचा काटा. एक-दोन पीएसआयचा फरक जवळपास सगळ्यांत असतो, काहींत तीनचा. म्हणून पेन्सिलसारखा साधा वेगळा गेज घ्या आणि त्याच्याशी पंपाचा आकडा एकदा ताडून बघा. पंप दोन जास्त दाखवत असेल तर कायम दोन जास्तच दाखवेल. तेवढं डब्यावर मार्करने लिहून ठेवलं की झालं.

हवा नेहमी थंड टायरची मोजायची. पहाटे, गाडी हलवण्याआधी. दुपारी चालवून आलेला टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. ते बघून हवा काढली तर संध्याकाळी टायर कमी हवेचा झालेला असतो. तापमानात दहा अंशांचा फरक पडला की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. पचमढीला पोचल्यावर मात्र काही करायची गरज नाही. ते हिल स्टेशन समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटरवर, नागपूर ३१० मीटरच्या आसपास. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे गेज सुमारे एक पीएसआय जास्त दाखवतो, आणि तिथल्या गार पहाटेमुळे थोडा कमी. दोन्ही मिळून हिशेब जवळपास फिटतो. किती भरायची याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. त्यात दोन माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा असे वेगळे आकडे दिलेले असतात. सहलीला निघताना भरलेल्या गाडीचा धरा, विशेषतः मागच्या चाकांना. नायट्रोजन भरलेला असेल तर पंपाची साधी हवा घालायला घाबरू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

या पंपाची खरी किंमत छंदवाल्या जोडप्यांना कळते. पक्षी बघायला जाणारे पहाटे चारच्या आत घर सोडतात, पेंचच्या जंगलाच्या सिल्लारी किंवा खुर्सापार गेटवर उजाडायच्या आत पोचायचं असतं. त्या वेळी मनसरपर्यंत एकाही पंक्चरवाल्याचं शटर उघडं नसतं. तलावाच्या काठावर गाडी लावली की बाभळीचा काटा हमखास लागतो. काटा खिळ्यासारखा दणकून हवा सोडत नाही. टोक रबरात मोडून राहतं आणि रात्रभरात पाच-सात पीएसआय उतरते. नक्षीवर साबणाचं पाणी ओतलं की बारीक बुडबुडा धरतो, तिथे काटा. व्हॉल्व्हच्या तोंडावरही एक थेंब टाका. बुडबुडा तिथे आला तर पंक्चर नाही, आतली पिन सैल आहे. पिन फिरवायची छोटी किल्ली आणि दोन जादा पिना मिळून शंभरेक रुपयांत होतात.

खिळा किंवा काटा दिसला तर उपटू नका. तो आत आहे तोवर भोक बरंचसं बुजलेलं असतं. हवा ३५ पर्यंत भरा, ५०-६० च्या वेगाने चला, दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा मोजा. ट्यूबलेस टायरला एवढं करून पुढचं गाव गाठता येतं. पचमढीला जाताना छिंदवाड्याच्या रस्त्यावर सावनेर, सौंसर, छिंदवाडा अशी मोठी गावं टप्प्याटप्प्याने येतात. पंक्चरवाल्याची खरी वाण भासते ती तामिया ते मटकुली आणि पुढच्या घाटात. म्हणून तामियाला दृश्यं बघायला, चित्रं काढायला थांबाल तेव्हा निघण्याआधी चारी टायरवर एक नजर टाका.

पंपासोबत मिळणाऱ्या पंक्चर किटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. साठीनंतर ते स्वतः वापरायची अपेक्षा ठेवू नका. भोक रुंद करायची खरखरीत सुई टायरच्या पोलादी तारांतून आरपार घालायला खांद्यातली ताकद लागते, मनगटातली पुरत नाही. मग गोंद लावलेली पट्टी सुईत ओवून दोन तृतीयांश आत ढकलायची आणि सुई झटक्यात ओढायची. पिस्तुलासारख्या मुठीची सुई असेल तर मनगट वळतं, इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असलेलीच चालते. किट ठेवा मात्र जरूर, कारण मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्याला ते येतं. गोंदाची नळी उन्हाळ्यात सुकते. ती दरवर्षी नवी घ्या.

काही ठिकाणी पंपाचा काहीच उपयोग नाही. टायरच्या बाजूला पंक्चर असेल, फुटपाथच्या कडेला घासून बाजूला फुगा आला असेल, किंवा बसलेल्या टायरवर अर्धा किलोमीटरही गाडी चालली असेल, तर हवा भरू नका. आतले धागे तुटलेले असतात. स्टेपनीच लावावी लागते, आणि तिथे जोडप्यांची अडचण नटांची असते. बहुतेक छोट्या गाड्यांचे नट ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. गाडीसोबतचा पाना जेमतेम फूटभर लांब, त्यावर ४० किलोचा जोर लागतो. गॅरेजमध्ये हवेच्या गनने नट आवळलेले असतील तर सत्तर-ऐंशी किलोचाही लागतो. लांब होणारा पाना घ्या, दीड-दोन फुटांचा. जोर जवळपास निम्म्यावर येतो. टायरचं काम करून घेताना शेवटचं आवळणं हातपान्याने करायला लावा. जॅकखाली फूटभर लांबीची जाड फळी हवीच, मेमध्ये डांबर मऊ होतं आणि जॅकचा पाय त्यात रुततो. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

हे सगळं सामान डिकीत वरच्या बाजूला, एकाच पिशवीत ठेवा. दुर्बीण, तिपाई, घडीच्या खुर्च्या, पाण्याचा कॅन यांच्या खाली स्टेपनी गाडली गेली की रस्त्याच्या कडेला अर्धा संसार बाहेर काढावा लागतो. सीएनजीच्या गाडीत टाकीमुळे स्टेपनीपर्यंत हात जायला आणखी जागा कमी. ती कशी निघते ते घरीच बघून ठेवा. स्टेपनीत तीन-चार पीएसआय जास्त भरून ठेवा. बाजूवर टी अक्षराने सुरू होणारं माप लिहिलेली बारीक स्टेपनी असेल तर तिला ६० पीएसआय लागते, आणि त्यावर ८० च्या वर जायचं नाही. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३ लावा. लाल त्रिकोण गाडीच्या मागे पन्नास पावलांवर ठेवा आणि दोघंही कठड्यापलीकडे उभे राहा, गाडीत बसून राहू नका.

पंप घेताना दुकानदाराला दुकानासमोरच्या गाडीवर चालवून दाखवायला सांगा. २८ वरून ३३ भरताना तो स्वतःहून बंद होतो का, पिन सॉकेटमध्ये डुगडुगते का, तोंडाजवळून फुस्स आवाज येतो का, एवढं बघा. बिलावर शिक्का आणि तारीख घ्या, बहुतेकांना एक वर्षाची वॉरंटी असते. घरी आणल्यावर संध्याकाळी गाडी थंड झाली की पाचही टायरची हवा मोजून कागदावर लिहा. दोन दिवस गाडी हलवू नका आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. ज्या टायरची दोनपेक्षा जास्त उतरली असेल तो पंक्चरवाल्याकडे पाण्यात बुडवून बघायला द्या, मगच बॅगा भरा.