घडीच्या चाकूला सिरॅमिकचं पातं घ्यावं का?

सिरॅमिक की स्टील, या प्रश्नावर मी दोन्हीकडे पैसे घालून झालेत. पावणेदोन वर्षं सिरॅमिकचा घडीचा चाकू खिशात बाळगला, त्याआधी आणि त्यानंतर स्टीलचा. मोजमाप काही केलेलं नाही, रोजच्या वापरात जे जाणवलं तेच लिहितोय. तुमचं काम वेगळं असेल तर कौलही वेगळा लागू शकतो.

सिरॅमिकची धार टिकते म्हणजे टिकतेच. कागद, चिकटपट्टी, दोरा, फळं एवढ्यालाच वापरलं तर महिनोन्महिने धारेकडे बघावंही लागत नाही. लिंबू कापून पातं नुसतं पुसून मिटलं तरी डाग पडत नाही, गंज चढत नाही. या पात्यांचं सिरॅमिक म्हणजे झिर्कोनिया. त्याची घनता ६ च्या आसपास आणि स्टीलची ७.८, त्यामुळे चाकू हातात हलका लागतो. विजेच्या कामासाठी म्हणून कोणी घेत असेल तर जरा थांबा: पात्यातून वीज जात नाही, पण मूठ आणि स्क्रू बहुधा धातूचेच असतात.

माझं मत फिरलं ते एका पिनेमुळे. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांना तांबूस रंगाच्या जाड पिना मारलेल्या असतात. झाकणाच्या फटीतून पातं ओढताना टक् असा बारीक आवाज आला. हाताला काहीच जाणवलं नाही. रात्री दिव्याखाली पातं तिरपं धरलं तेव्हा टोकापासून बोटभर अंतरावर टवका उडालेला दिसला. मोहरीएवढा, आतून शिंपल्यासारखा गोलसर आणि चकचकीत. उडालेला तुकडा कुठे गेला ते कळलं नाही. त्या दिवसापासून त्या चाकूने मी फळ कापलेलं नाही.

आता, त्या पिनेने स्टीलच्या धारेलाही दुखावलं असतंच. पण स्टीलची धार बहुतेक वेळा दुमडते. नखावरून अलगद फिरवली की एका जागी अडते, मग चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा पाजळली की सरळ होते. नाहीच झाली तर दगडावर पाच मिनिटं. सिरॅमिकचं पातं मात्र माझ्या नेहमीच्या दगडावर नुसतं घसरत राहिलं. मग हिऱ्याची पट्टी आणली. तिच्या भरड बाजूने घासलं तर टवक्याशेजारी नवे बारीक टवके निघाले. बारीक बाजूने दोन संध्याकाळी घालवल्या तरी खाच निम्मीच गेली. धार जाते याचं मला काही वाटत नाही, ती कशानेही जाते. पण गेलेली धार माझ्या हाताने परत आणता येत नाही, हे मला सहन झालं नाही.

सिरॅमिक काचेसारखं ठिसूळ असतं असं सरसकट म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. या झिर्कोनियात तडा सरकू लागला की तड्याच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलतात, किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ साली हा गुण मांडला तेव्हा ‘सिरॅमिक पोलाद’ असा शब्द वापरला होता, पण पुढे प्रश्नचिन्ह टाकून. घडीच्या चाकूपुरतं ते प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे असं मला वाटतं. स्वयंपाकघरातली सिरॅमिकची सुरी पाटावर असते, ठरलेलं काम करते आणि जागेवर जाते. खिशातल्या चाकूचं तसं नसतं. त्याचं पातं गाठीत अडकतं, मग आपण ते पिळून काढतो. कधी तो निसटून फरशीवर पडतो. झटक्याने उघडला की पातं आतल्या थांब्यावर आदळतं. स्टीलचं पातं असं हजारदा आदळलं असेल, माझं कधी लक्षही गेलं नाही. सिरॅमिकचा चाकू मी दोन्ही हातांनी, जपून उघडायला लागलो होतो. चाकूची काळजी घ्यायला माझी ना नाही, पण खिशातल्या चाकूला इतकं जपावं लागू नये.

तुमचं काम कागद, दोरा आणि चिकटपट्टीपलीकडे जात नसेल आणि धार लावायचा मनापासून कंटाळा असेल, तर सिरॅमिक खुशाल घ्या, पस्तावणार नाही. फक्त गंजाला वैतागून तिकडे वळत असाल तर आधी नायट्रोजन घातलेली स्टील बघा. खाऱ्या पाण्यात वावरणाऱ्यांसाठी एच१ आणि एलसी२००एन नावाची अशी स्टील आहेत. त्यातल्या एच१ची धार जरा लवकर उतरते, पण तितक्याच लवकर परत लागते. माझ्या खिशात सध्या १४सी२८एन या अशाच स्टीलचं पातं आहे. लिंबानंतर पुसून ठेवतो, आजवर डाग दिसलेला नाही.

सिरॅमिकचा चाकू टेबलावर असतो, पाकिटं फोडायला. खाचेच्या मागचा भाग अजूनही कागद पहिल्या दिवसासारखाच चिरतो.