'द टायगर'वरचं गाईड: अडीच तारे, तेही लोहारासाठी

नातीला बी.ए.ला विल्यम ब्लेकची 'द टायगर' आहे. म्हणून अप्पा बळवंत चौकातून मराठीत समजावणारं हे गाईड आणलं, १८० रुपयांना. मी ३० वर्षं मराठी शिकवलं. वृत्तातल्या गणांचं सूत्र 'यमाताराजभानसलगा' झोपेतही म्हणेन, तेव्हा म्हटलं इंग्रजी वृत्त असं किती अवघड असणार!

पहिल्याच प्रकरणात खटकलं. ओळींवर चक्क लघु-गुरूच्या खुणा! 'व्हॉट इम्मॉर्टल हँड ऑर आय' या ओळीत पुढे जोडाक्षर, म्हणून 'इ'वर गुरूची खूण. आपल्याकडे बरोबरच आहे ते. पण ओळ मोठ्याने म्हणून बघा: जोर व्हॉट, मॉर, हँड, आय यांवर पडतो आणि 'इ' गिळला जातो. इंग्रजी छंद आघातावर चालतो, मात्रांवर नाही. जोरकस-हलकं अशी जोडी चारदा, आणि शेवटच्या जोडीतलं हलकं अक्षर छाटलेलं. म्हणून उच्चारात सातच अक्षरं. हे मला नातीने टेबलावर बोटं आपटून शिकवलं, गाईडने नाही.

यमकांबद्दल एकच वाक्य: 'सर्व यमके निर्दोष.' अहो, 'आय' आणि 'सिमिट्री' आजच्या उच्चारात कुठे जुळतात? माझ्या वर्गातल्या पोरांनीही हात वर केला असता.

लोहाराचं कडवं, म्हणजे वाघ घडवणारा जणू लोहार, ते मात्र झकास उलगडलंय. हातोडा कुठला, साखळी कुठली, भट्टी कुठली, ऐरण कुठली... चार ओळींत पाच वेळा 'व्हॉट', प्रत्येक म्हणजे घणाचा घाव. ती दोन पानं मी दोनदा वाचली.

आणि मग शेवटी घोळ. पहिलं आणि सहावं कडवं सारखंच, 'ध्रुपदासारखं', असं लिहून दोन्हीकडे 'कुड' छापलंय. ब्लेकच्या १७९४च्या कवितेत सहाव्यात 'डेअर' आहे! घडवू शकेल कोण, यावरून घडवायला धजेल कोण, इथवर कविता येते ती त्या एका शब्दावर. २४ ओळींत बदललेला तेवढा एकच शब्द यांनी पुसून टाकला.

नातीला पुस्तक दिलंय, पेन्सिलीने 'डेअर' लिहून. लघु-गुरूच्या खुणा मात्र खोडरबरानेही जात नाहीत, छापील आहेत.