सहा महिन्यांनंतर: एबोनाइटचं ड्रॉपर पेन आणि शाई ओतणारी निब

हाताने कातलेलं काळं एबोनाइट (म्हणजे कडक रबर), ६ नंबरची स्टीलची मीडियम निब, तिच्याखाली टाकीतली शाई निबेपर्यंत आणणारी एबोनाइटचीच जीभ, आणि ड्रॉपरने थेट टाकीत भरायची साडेतीन मिलि शाई. पेन हातात छान बसतं, आटे अजून घट्ट आहेत. तक्रार एकच: पहिले दोन महिने रेघ जवळजवळ १ मिमीची पडत होती. मीडियमकडून ०.६ ते ०.७ मिमी धरून चालतो. देवनागरीत हा फरक फार बोचतो. ‘ष्ठ’, ‘ज्ञ’, ‘ह्म’ यांची पोटं भरतात, अनुस्वाराचा टिळा होतो.

मुळात जाड लिहिणं आणि ओलं लिहिणं हे दोन वेगळे दोष आहेत. रेघ दहा-बारा सेकंदांत सुकत असेल आणि तरी जाड असेल, तर निबेचं टोकच जाड आहे. इथे अर्धा मिनिट झाला तरी बोट फिरवल्यावर शाई फासायची आणि पानामागे अक्षरं उमटायची. म्हणजे शाईच जास्त येत होती.

स्वस्तातले उपाय आधी करावेत. ७० जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर कुठल्याही ओल्या पेनाची शाई पसरतेच, त्यामुळे त्या कागदावर निकाल देऊ नये. शाई बदलून बघावी. पेलिकन ४००१ या मालिकेतल्या शाया कोरड्या वाहतात. त्यातली ब्लू-ब्लॅक लोहयुक्त आहे, तिचा गाळ आत साचू शकतो, तेव्हा महिन्याला एकदा पेन धुवायचं. या बदलाने रेघ थोडी आवरली, पण दोष गेला नाही. धुताना भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब चालतो, मात्र फेस पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी फिरवा. साबणाचा अंश राहिला तर शाई आणखीच सैल वाहते, आणि माणूस निबेला दोष देत बसतो.

खरं कारण दहापट भिंगाखाली दिसलं. निबेची चीर मधल्या छिद्राकडून टोकाकडे निमुळती होत जायला हवी आणि टोकाशी चिरेच्या दोन बाजूंची पाती एकमेकांना जेमतेम टेकायला हवीत. इथे टोकाशीही उजेड आरपार दिसत होता. अशा वेळी लगेच पाती दाबू नका. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून निब आणि जीभ एकत्र, न पिळता, सरळ ओढून काढा. निब सुटी केल्यावर चीर आपोआप मिटली, तर निब निर्दोष आहे. जीभ खालून वर रेटते म्हणून पाती फाकतात. एबोनाइटची जीभ गरम करून निबेला चिकटवून बसवतात, त्यात जरा जास्त दाब पडला की हेच होतं. माझ्या मते या जातीच्या पेनांत सर्वांत जास्त नजरेआड होणारं कारण हेच.

उपाय: पाणी उकळून गॅस बंद करा. फक्त जीभ, निबेशिवाय, २० ते ३० सेकंद पाण्यात धरा. बाहेर काढून तिचं टोक निबेपासून दूर, केसभरच वाकवा आणि गार होईपर्यंत तसंच धरा. पेनाची नळी गरम पाण्यात घालू नका, काळं एबोनाइट तपकिरी पडतं. मग निब बसवून बाजूने बघा. निब आणि जीभ यांत फट दिसली तर उलट रोग सुरू होतो, शाई मध्येच तुटते. फट दिसली तर पुन्हा गरम करून टोक थोडं वर घ्यायचं. इथे तीन फेऱ्या लागल्या. निब सुटी असतानाही चीर उघडीच राहिली, तर पाती जोर देऊन लिहिल्याने ताणली गेलेली असतात. एक पातं हलकेच दुसऱ्याखाली सरकवून चार-पाच सेकंद धरायचं, मग बाजू बदलायची. दर वेळी भिंगातून दोन्ही टोकं एका पातळीत आहेत ना ते बघा, नाहीतर निब कागद खरवडते.

आता माझ्या नेहमीच्या वहीत रेघ ०.७ मिमीच्या आसपास येते आणि पंधरा सेकंदांत सुकते. याहून बारीक हवी तर टोक घासायच्या फंदात पडू नका. टोकावरचा कठीण धातू गेला की परत येत नाही. फाइन निब विकत घेणं सोपं.

एक दोष मात्र राहणारच, आणि तो निबेचा नाही. टाकीत एक तृतीयांशाहून कमी शाई उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि पेन थेंब ओकतं. उन्हाळ्यात हे हमखास होतं. शाई तेवढी खाली यायच्या आत टाकी भरा, आणि टोपण काढताना निब वर धरा.

पेन घ्यावं का? भिंग हाताशी असेल आणि जीभ काढायची भीती नसेल तर जरूर. परीक्षेला किंवा ऑफिसात पहिल्या दिवसापासून वापरायचं असेल तर कार्ट्रिजचं पेन बरं.