कुमुद-हायड्रिला स्लाइड संच: एका स्लाइडसाठी घ्यावा असा

सूक्ष्मदर्शकाच्या तयार स्लाइडच्या या संचाचे पैसे वसूल होतात ते कुमुदाच्या (पाणकमळाच्या) तरंगत्या पानाच्या आडव्या छेदात. १० पट ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळचं भिंग) वर स्तंभपेशींचे (उभ्या लांबट पेशींचे) दाट थर, खाली हवेच्या मोठाल्या पोकळ्या. पर्णरंध्रे फक्त वरच्या त्वचेत, कारण खालची बाजू पाण्याला टेकलेली. ४० वर जा: पोकळ्यांत फाटे पसरलेल्या तारकाकार दृढपेशी (जाड भित्तीच्या आधारपेशी) दिसतात आणि त्यांच्या भित्तीत रुतलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक. ध्रुवकांची (प्रकाश एकाच प्रतलात कंपित ठेवणाऱ्या गाळण्यांची) जोडी असेल तर एकमेकींना काटकोनात जरूर लावा, स्फटिक लखलखतात! कोवळ्या पानाच्या स्लाइडमध्ये मध्यशिरेकडे वळलेल्या दोन्ही कडांच्या गुंडाळ्याही सुरेख आल्या आहेत.

देठाची स्लाइड मात्र फसली आहे. पोकळ्या चेपल्यात, छेद घेण्यासाठी नमुना मेणात बसवण्याआधी निर्वात पंपाने हवा नीट काढली नाही की असंच होतं. बदलून मागा.

हायड्रिलाची (पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीची) स्लाइड विकत घेण्यात अर्थच नाही. मध्यशीर सोडली तर पान दोनच पेशी जाड. ताजं पान थेंबभर पाण्यात ठेवून वर कव्हरस्लिप टाका, हरितलवके फिरताना दिसतील. सॅफ्रनिन या लाल रंगाने रंगवलेल्या मृत पानात ती हालचाल कुठून येणार?