नॅशनल ट्रस्टची जोडीची मेंबरशिप : चार वर्षांनंतर

लेक युनिव्हर्सिटीत गेली त्या सप्टेंबरात आमचे शनिवार अचानक रिकामे झाले. अठरा वर्षं शनिवार म्हणजे पोहण्याचा क्लास, मराठी शाळा, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस. आता मी आणि नवरा चहाचे कप घेऊन समोरासमोर बसलेले, आणि पुढच्या दिवसाचं काय करायचं ते दोघांनाही सुचेना.

म्हणून एका जुन्या घराला गेलो. खासगी मालकीचं होतं, नाव देत नाही. दोघांची तिकिटं काढली आणि पाऊस सुरू झाला. वाटा निसरड्या झाल्या म्हणून बाग बंद केली, पैसे परत मिळणार नव्हते. मग निदान आतलं तरी सगळं पाहायचं, या हट्टाने आम्ही तीन तास प्रत्येक खोलीतली प्रत्येक पाटी वाचत फिरलो. परत गाडीत बसलो तेव्हा पाय भरून आले होते आणि काय पाहिलं ते धड आठवत नव्हतं. नवरा म्हणाला, "आपण घर नाही पाहिलं, पैसे वसूल केले." ते वाक्य माझ्या मनात राहिलं. महिनाभराने नॅशनल ट्रस्टची, म्हणजे ब्रिटनमधली जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या संस्थेची, जोडीची मेंबरशिप घेतली. आता चार वर्षं झाली. इथल्या मैत्रिणी नेहमी विचारतात म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी व्यवहाराचं. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या दोन मोठ्या माणसांना ही मेंबरशिप मिळते आणि दोन वेगवेगळ्या वर्गण्यांपेक्षा स्वस्त पडते. कार्ड मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र, त्यामुळे एकट्यानेही जाता येतं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या ट्रस्टच्या जागांना तिकीट लागत नाही, बहुतेक कारपार्कही मोफत. स्कॉटलंडचा ट्रस्ट वेगळा आहे, पण हे कार्ड तिथेही चालतं. एरवी दोघांची तिकिटं काढायची झाली तर पाच-सहा मोठ्या घरांत वर्षाची वर्गणी निघून येते. आम्ही वर्षाला वीसेक वेळा जातो, तेव्हा हिशोबाचा प्रश्नच उरत नाही.

पण खरा फायदा हिशोबात नाही. दारात पैसे मोजलेले नसले की पाहण्याची घाईच जाते. पॅकवुड हाउस आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथली यू नावाची सदाहरित झाडं प्रसिद्ध आहेत. शंकूच्या आकारात कापलेली, माणसाच्या कितीतरी पट उंच, हिरवळीवर जमावासारखी उभी. टेकाडावर एकटं उंच झाड आहे, त्याला 'मास्टर' म्हणतात आणि बारा झाडांना येशूचे बारा शिष्य. पहिल्या वर्षी तिथे मी सहा वेळा गेले असेन आणि त्यातल्या चार वेळा घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. फक्त लांबट वाफे पाहिले. पॅकवुडच्या वाफ्यांत फुलझाडांचे मोठे गट करत नाहीत. एकेक दोनदोन रोपं मिसळून लावतात, त्यामुळे पंधरा दिवसांनी गेलं तरी वाफा ओळखू येत नाही. जूनमधे निळाजांभळा दिसलेला तुकडा ऑगस्टमधे पिवळा-तांबडा होतो. हे एका भेटीत कळूच शकत नाही.

नवऱ्याला फुलांचं फारसं नाही. त्याने पॅकवुडच्या गच्चीच्या भिंतीत छोटे कोनाडे शोधून काढले. आपल्याकडे देवळीत पणती ठेवतात तेवढेच. मला वाटलं, दिव्यांसाठी असतील. तिथल्या माळीणबाईंनी सांगितलं की ते मधमाश्यांसाठी आहेत. पूर्वी पेंढ्याच्या टोपल्यांत माश्या पाळत आणि टोपलीला पावसापासून आडोसा म्हणून भिंतीतच जागा ठेवत. तेव्हापासून तो प्रत्येक जुन्या बागेत आधी भिंती बघतो. मी रोपं बघते, तो भिंती, पाण्याचे पाट, पंप, सूर्यघड्याळं. मग चहाला भेटून एकमेकांना सांगतो. पूर्वी आम्ही चिकटून फिरायचो आणि एकजण कायम दुसऱ्यासाठी थांबलेला असायचा. जोडीने जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: तासभर वेगळे व्हा.

घरांच्या आतलं थोडं समजून घेऊन गेलं तर जास्त आवडेल. पहिल्यांदा जाणारे हमखास म्हणतात, एवढा अंधार का? पडदे मुद्दाम ओढलेले असतात. रेशीम, गालिचे, जलरंगातली चित्रं यांचे रंग उजेडाने विटतात आणि विटलेला रंग पुन्हा येत नाही, म्हणून अशा खोल्यांत प्रकाश मोजूनमापून ठेवतात. दोन मिनिटं दारातच उभं राहावं, डोळे सरावले की खोली हळूहळू दिसायला लागते. खुर्चीवर वाळलेलं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसेल. 'बसू नका' अशी पाटी लावण्याऐवजी हे. मला ती पद्धत फार आवडते, पाहुण्याचा मान राखून सांगितल्यासारखी. आणि मुदपाकखाना चुकवू नका. दिवाणखाने थोडेफार सारखेच वाटायला लागतात, पण तांब्याची भांडी, कोठीची खोली, नोकरांना बोलावायच्या घंटांची रांग, यातून घर चालायचं कसं ते कळतं.

खोल्याखोल्यांतून स्वयंसेवक बसलेले असतात, बहुतेक निवृत्त मंडळी. त्यांना प्रश्न विचाराच. ती वाटच बघत असतात. बॅडस्ली क्लिंटन हे पॅकवुडच्या शेजारचंच घर, चारही बाजूंनी पाण्याचा खंदक. तिथे एका आजोबांनी आम्हाला मुदपाकखान्याच्या जमिनीतली फट दाखवली. एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंना आसरा देणं हा गुन्हा होता. १५९१ साली पहाटे या घरावर धाड पडली तेव्हा घरात असलेले धर्मगुरू खालच्या जुन्या सांडपाण्याच्या भुयारात लपले आणि चार तास पाण्यात पाय ठेवून उभे राहिले. धाड घालणारे वर खोल्या उलटीपालटी करत होते. आजोबा हे सांगताना आवाज इतका खाली आणत होते की आम्हीही श्वास रोखून उभे. बाहेर आल्यावर खंदकातल्या बदकांकडे बघत नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार तास. ऑक्टोबरात."

जोडीने पाहायची एकच जागा निवडा म्हणाल तर मी केंटमधली सिसिंगहर्स्टची बाग सांगेन. आमच्याकडून एका दिवसात जाऊन येणं अंगावर येतं, लेकीकडे लंडनला मुक्काम होता तेव्हा आम्ही तिथून गेलो. लेखिका व्हिटा सॅकविल-वेस्ट आणि मुत्सद्दी हॅरल्ड निकल्सन या नवरा-बायकोने १९३० मधे ही पडझड झालेली जागा घेतली. हॅरल्डने आखणी केली: सरळ वाटा, काटकोन, कुठून कुठलं टोक दिसायला हवं ते सगळं. व्हिटाने त्या चौकटींत लावणी केली, आणि ती अशी भरभरून की कडा झाकून जातात. बागेत चालताना दोघांचे हात वेगवेगळे ओळखू येतात. आम्ही जुलैच्या सुरुवातीला गेलो तेव्हा पांढऱ्या फुलांच्या बागेत मधल्या मांडवावर पांढरा गुलाब नुसता ओतला होता. एका बाकावर टेकलो आणि तासभर माझा पाय निघेना.

आणखी एक गोष्ट तिथे मनात घर करून राहिली. त्यांचं राहतं घर एकसंध नव्हतंच. झोपायच्या खोल्या एका कॉटेजमधे, जेवणघर बागेच्या दुसऱ्या टोकाला, व्हिटाची लिहायची खोली मनोऱ्यात. जेवायला जायचं तर बाग ओलांडून, पावसातसुद्धा. दिवसभर आपापल्या जागी काम आणि संध्याकाळी बागेतून चालत एकत्र येणं. लेक गेल्यावरचं आमचं घर मला तेव्हा वेगळं दिसायला लागलं. घरी आल्यावर तिची खोली मी माझ्या शिवणकामाला घेतली, इतके दिवस ती तशीच ठेवली होती.

आता पॉविस कॅसल. वेल्सच्या सीमेलगत, आमच्याकडून दोनेक तास. लाल दगडाचा किल्ला, खाली खडकाला बिलगून उतरणाऱ्या बागेच्या गच्च्या, आणि त्यांवर कापून कापून ढगांसारखे झालेले जुने यू. बाग म्हणून मी पाहिलेल्यांत ही सगळ्यात देखणी. पण आपल्या माणसाने इथे जाताना आत काय आहे ते माहीत असू द्यावं. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचं लग्न पॉविसच्या घराण्यातल्या हेन्रिएटाशी झालं. एडवर्ड १७९८ मधे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि पुढच्याच वर्षी, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. क्लाइव्ह बाप-लेकांनी आणलेल्या हजाराहून जास्त वस्तू या किल्ल्यात आहेत: तलवारी, हस्तिदंताच्या सोंगट्या, हुक्क्याची भांडी, टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघमुख. आणि त्याचा तंबू.

तंबूपुढे आम्ही किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही. मनात चित्र होतं जाड खाकी कापडाचं. हा आहे पांढऱ्या सुती कापडाचा, छापील, आतून महिरपींची ओळ आणि प्रत्येक महिरपीत फुलदाणी, तिच्यात लाल फुलं आणि हिरवी पानं. माझ्या आजीकडे अशाच छापाची रजई होती. आत झोपणाऱ्याला चहूकडून बाग दिसावी म्हणून कुणीतरी ते ठसे कोरले, कुणीतरी रंग दिले. पुढे पॉविसच्या बागेतल्या समारंभांना हा तंबू मांडत असत. मला रडू आलं. नवऱ्याने हात धरला, बोललो काही नाही. मग खाली गच्चीवर जाऊन बसलो. समोर इतकं सुंदर दिसत होतं आणि मनात ती महिरप होती. ही दोन्ही मनात एकाच वेळी राहतात आणि राहू द्यावीत असं मला वाटतं. हेन्रिएटा १८०० साली मुलींना घेऊन दक्षिण भारतात सात महिने फिरली, झाडं गोळा केली, हेही तितकंच खरं.

ट्रस्टने सप्टेंबर २०२० मधे आपल्या जागांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला, त्यात ९३ जागा आहेत. तो मोफत वाचता येतो. पॉविसला किंवा डर्बीशायरमधल्या केडल्स्टन हॉलला जाण्याआधी तो चाळून जा. केडल्स्टन हे लॉर्ड कर्झनचं घर. कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) याच घराचा आराखडा समोर ठेवून बांधलं. तिथे लेडी कर्झनचा १९०३ च्या दिल्ली दरबारातला मोराचा पोशाख आहे. भरतकाम आपल्या कारागिरांचं, धातूच्या तारेचं, आणि मोरपिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या हिरव्या पंखांचे तुकडे. काचेला नाक लावून बघा, दुरून ते खडेच वाटतात.

काही बारीकसारीक. घराची आणि बागेची वेळ वेगळी असते, हिवाळ्यात पुष्कळ घरं आतून बंद आणि बाग उघडी असते, तेव्हा निघण्यापूर्वी त्या जागेचं पान उघडून बघाच. काही घरांना मेंबर असलात तरी वेळेचं तिकीट लागतं. दारं उघडताना पोचा, अकरानंतर गर्दी होते. पाठीवरची बॅग पुढे घ्यायला सांगतात किंवा ठेवून घेतात. गाडी नसेल तर मात्र ही मेंबरशिप घेण्याआधी नीट विचार करा, बऱ्याच जागा स्टेशनपासून आडबाजूला आहेत. पडके किल्ले आणि मठ जास्त आवडत असतील तर इंग्लिश हेरिटेज बघा, ती संस्था वेगळी. आम्ही डबा नेतो. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या कुरणात बसून खाता येतं, आणि थालीपिठं गार झाली तरी चालतात. चहा आणि स्कोन मात्र तिथलाच, दोघांत एक. बाहेर जुन्या पुस्तकांचं दुकान असलं तर अर्धा तास जास्तीचा धरा.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि वर्गणी भरताना आता बरं वाटतं. १८९५ मधे ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांपैकी ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी आयुष्य लंडनच्या गरीब वस्त्यांतली घरं सुधारण्यात घालवलं होतं. दाटीवाटीने राहणाऱ्यांना बसायला मोकळी हिरवी जागा हवी, हा त्यांचा ध्यास. जहागीरदारांचे वाडे पुढे आले, वारसा करापायी घराण्यांना ते सांभाळणं जड जायला लागल्यावर.

नूतनीकरणाचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. नवऱ्याने मला न विचारताच भरून टाकलं. या शनिवारी पॅकवुडला जातोय. नवऱ्याने मास्टरच्या पायथ्याच्या त्याच ठिकाणाहून प्रत्येक भेटीला एक फोटो काढून ठेवलाय, सत्तेचाळीस झाले. लेकही येणार आहे, तिचं तिकीट काढावं लागेल.