केमेल, आठ महिन्यांनी: भांडण एका टिकमार्कशी

केमेल (लिनक्सवर चालणारा मेलचा प्रोग्राम) मी हौसेने घेतलं नाही. माझं होस्टिंग ज्यांच्याकडे आहे (नाव कशाला), त्यांनी गेल्या पावसाळ्यात बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली 'छापण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करा' ही ओळ चिकटवायला सुरुवात केली. मी पुण्यात बसून जर्मन मॅन्युअलं भाषांतरित करतो. तिकडच्या एका गिऱ्हाईकाला मेल पीजीपी सहीचाच (म्हणजे मजकूर बदललेला नाही हे पटवणाऱ्या डिजिटल सहीचा) लागतो, आणि सही झालेल्या मजकुरात नंतर एक अक्षर घुसलं तरी सही खोटी ठरते. तशी ठरलीच. सपोर्टला चार फोन केले. उत्तर: "ओळ नको असेल तर वरचा प्लॅन घ्या सर." पर्यावरण त्यांचं, पैसे माझे!

म्हणून त्याचे मेल दुसऱ्या सर्व्हरवरून पाठवायचे ठरवलं, आणि त्यासाठी मेल जाण्याआधी लागणारा फिल्टर हवा होता. जीमेलचे फिल्टर येणाऱ्या टपालापुरते. थंडरबर्डमध्ये 'पाठवल्यानंतर' आहे, पण तोवर मेल गेलेला असतो. केमेलमध्ये 'बिफोर सेंडिंग' ही वेगळी चौकट आहे आणि कृतींमध्ये 'सेट ट्रान्सपोर्ट'. त्या गिऱ्हाईकाचा पत्ता दिसला की मेल दुसऱ्या एसएमटीपीवरून (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवरून) जातो. ते माझ्याकडे फुकट पडून होतं. सुरुवातीचे दोन मेल स्पॅममध्ये गेले, कारण मी डोमेनला दुसरा एसपीएफ रेकॉर्ड (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) जोडून ठेवला. एका डोमेनला एकच चालतो. दोन्ही सर्व्हर एकाच ओळीत लिहिले, मिटलं. त्या दिवशी पाचपैकी पाच दिले असते.

मग दुसरा फिल्टर: विषयात 'रेखनुंग' म्हणजे बिल असेल तर रिप्लाय-टू, म्हणजे उत्तर जायचा पत्ता, बायकोचा; हिशोब ती बघते. दीड महिना तिच्याकडे एक उत्तर नाही. "तुझे जर्मन पैसे देतात, पण बोलत नाहीत का?" मी स्पेलिंग तपासलं, नियम पुसून पुन्हा लिहिला, मशीन तीनदा बंद-चालू केलं. कारण निघालं पहिल्या फिल्टरच्या अॅडव्हान्स्ड टॅबवर: 'जुळलं तर पुढचे फिल्टर बघू नका' अशा अर्थाची टिक, आधीपासूनच लावलेली. पत्ता जुळला, ट्रान्सपोर्ट बदललं, काम संपलं. रिप्लाय-टूची पाळीच येत नव्हती. बिलांची उत्तरं माझ्याच जुन्या इनबॉक्समध्ये, त्यातली दोन रकमेच्या शंकेची.

चूक माझीच, टॅब उघडून बघितला नव्हता. तरी आता साडेतीन. येणाऱ्या टपालाला ती टिक ठीक आहे, एक मेल एका फोल्डरात गेला की झालं. जाणाऱ्या मेलवर मात्र दोन-तीन संस्कार करायचेच असतात.

सध्या सात फिल्टर आहेत, सातही टिका हाताने काढल्यात. होस्टिंगचं नूतनीकरण मार्चमध्ये.