जीवन प्रमाण फेस ॲप: चेहरा जुळतो, घोडं यादीत अडतं

पेन्शन चालू राहण्यासाठी लागणारा हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून देण्याची सोय नोव्हेंबर 2021मध्ये आली. सोय खरीच आहे. आयुष्यभर राबून बोटांच्या रेषा झिजल्या की अंगठ्याचं मशीन दाद देत नाही. चेहरा सहसा जुळतो. तरी सांगली-मिरजेकडच्या कितीतरी ज्येष्ठांच्या फोनमध्ये हे काम अर्धवट पडलेलं असतं.

पहिली गोची म्हणजे ॲप दोन लागतात. 'आधार फेस आरडी' आधी टाकायचं, पण त्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसतच नाही. "उतरलंच नाही वाटतं" म्हणून मंडळी ते पुन्हा पुन्हा शोधतात. ते उघडायचं नसतं, मागे आपोआप चालतं.

मग दुसरं, 'जीवन प्रमाण' ॲप 'ऑपरेटर'चा, म्हणजे दाखला काढून देणाऱ्याचा, आधार क्रमांक, मोबाइल, ई-मेल, ओटीपी आणि चेहरा मागतं. इथे चेहरा जुळला की आजोबांना वाटतं, झालं काम! पेन्शनरचा चेहरा त्यानंतर वेगळा द्यायचा असतो. दोन्ही एकच व्यक्ती चालते, पण ऑपरेटर सुनेने किंवा नातवाने व्हावं. एकदा नोंद झाली की त्याच फोनवरून शेजारच्या काकूंचाही दाखला निघतो.

चेहऱ्यावर उजेड समोरून हवा, मागे कोरी भिंत, पदर कपाळावरून मागे. चष्म्यावर चकाकी आली तर तो काढावा लागतो, आणि काढला की स्क्रीनवरची सूचना वाचता येत नाही! म्हणून "आजी, डोळे मिटा, आता उघडा" म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतंच. पापणी लवल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

खरं घोडं अडतं ते ॲपमधल्या निवडीच्या याद्यांत. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शन मंजूर करणारं कार्यालय, पेन्शन देणारी बँक किंवा कोषागार, हे पासबुक आणि पीपीओ समोर ठेवूनच भरा. जुन्या पासबुकावर देना बँक असेल तर 2019पासून ती बँक ऑफ बडोदा आहे. चुकीचं नाव निवडलं तरी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज येतो. दाखला नाकारला जातो तो नंतर. त्यामुळे मंजुरीचा मेसेज येईपर्यंत काम झालं असं धरू नका.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या ईपीएस-95वाल्यांनी (भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतल्यांनी) नोव्हेंबरच्या गर्दीत शिरायची गरज नाही. दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

एवढी खटपट नको असेल, तर पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत दाखला काढून देतो. एकट्या राहणाऱ्यांना आम्ही तोच मार्ग सुचवू.